जुनं लाकडी वाफेचं इंजिन सापडलंय, कुठलं ते कसं शोधायचं?

जुनी_ट्रंक: नमस्कार मंडळी, आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी रेल्वे इंजिनाचं एक लाकडी मॉडेल मिळालं, साधारण दीड फूट लांब, पुढे चार छोटी चाकं, मागे चार मोठी, धुराडं वर फुगत गेलेलं आणि तोंडाशी तिरकी जाळी. नाव नाही, शिक्का नाही. बाबांना एवढंच आठवतंय की ते लहान असताना हे कपाटावर असायचं आणि पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. विकायचं अजिबात नाही, फक्त कोणी केलं, कधी केलं ते कळलं तर फार बरं वाटेल. खूप काळपट झालंय, पॉलिश करू का?

रूळवेडा: पॉलिश नको हो! तो काळा थरच पुरावा आहे, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. चाकांवरून सांगतो, पुढची छोटी, मधली इंजिन ओढणारी मोठी, मागची छोटी अशी चाकं मोजायची पद्धत आहे, तुमच्याकडे मोठ्या चाकांमागे छोटी नाहीत, म्हणून तुमचं ४-४-० झालं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे इतकं चाललं की या प्रकाराचं नावच 'अमेरिकन' पडलं. जाळी म्हणजे काऊकॅचर, रुळावरची गुरं बाजूला ढकलायला, आणि फुगीर धुराडं लाकूड जाळणाऱ्या इंजिनांना असायचं, ठिणग्या अडवायला. पण नमुना अमेरिकन म्हणून बनवलंही तिकडेच असं धरू नका, चित्र बघूनही लोक करायचे.

रंधा_पटाशी: मी आधी उलटं करून पोट बघेन, वरचा भाग सगळे सजवतात, खाली कोणी लपवत नाही. खिळे चौकोनी निमुळते की गोल तारेचे? तारेचे १८९० च्या दशकात सर्रास झाले. फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल तर तो १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. आणि कारखान्याच्या लाकडी खेळण्यांवर बऱ्याचदा छापील कागद चिकटवलेला असायचा, त्याचे तुकडे कुठे दिसतात का?

जुनी_ट्रंक: आत्ताच बघितलं. कागद कुठेच नाही. खिळे चौकोनी, पण एका मोठ्या चाकाला फुलीचा स्क्रू आहे. आणि अजून एक, तीन मोठ्या चाकांना बारा-बारा आरे आहेत आणि चौथ्याला अकरा, आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघाही दिसतायत!

रंधा_पटाशी: मग हे हाताने एकेक चाक आखून केलेलं आहे, मला तरी शंका नाही. कारखान्यात सगळी चाकं एकाच मापाची निघतात. फुलीचा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा असणार, त्यावरून इंजिनाचं वय काढू नका, आणि नुसत्या चौकोनी खिळ्यांवरूनही नको, जुने खिळे लोक जपून ठेवून नंतर वापरायचे. रेघांवर टॉर्च आडवी धरा, पुसट आकडे असतील तर उठून दिसतील, ते इंचात आहेत की सेंटिमीटरमध्ये हे कळलं तरी बरंच कळलं.

रूळवेडा: दोन चाकांमधलं अंतर आणि मोठ्या चाकाचा व्यास पण मोजा. खऱ्या इंजिनाच्या ड्रॉइंगशी हे प्रमाण जुळलं तर करणाऱ्यासमोर ड्रॉइंग होतं, नाहीतर नजरेने केलंय.

जुनी_ट्रंक: उद्या दिवसाउजेडी मोजून फोटो टाकतो. बाबांना स्क्रू दाखवला तर म्हणाले, तो मीच लावलाय, चोरून खेळताना चाक निखळलं होतं.