शब्दचर्चा : योहान १५ मधलं 'साफसूफ' आणि बागेतली 'छाटणी'

प्रश्न :
येत्या रविवारी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना बायबलमधला योहान १५ (योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय) शिकवायचा आहे. 'मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे' हा भाग. पुढे येतं की फळ देणाऱ्या फाट्याला, म्हणजे फांदीला, तो 'साफसूफ' करतो. मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, "म्हणजे पानांवरची धूळ पुसतो का?" इंग्रजी बायबल वाचणारी मुलं सरळ 'छाटतो' म्हणतात. आपल्या भाषांतरात 'छाटणी' का नाही?

प्रतिसाद :
ताई, 'साफसूफ' चुकीचं नाही, उलट मुळाला धरून आहे. ग्रीकमध्ये तिथे एकमेकांशी जुळणारी दोन क्रियापदं आहेत : न फळणाऱ्या फाट्यासाठी 'ऐरेइ' (काढून टाकतो) आणि फळणाऱ्यासाठी 'कथैरेइ'. या दुसऱ्याचा मूळ अर्थच स्वच्छ करणे. लगेच पुढच्या वचनात येशू शिष्यांना 'तुम्ही शुद्ध झालाच आहात' म्हणतो, तिथला 'शुद्ध' याच धातूपासूनचा. 'छाटतो' घातलं की हा धागा तुटतो. 'साफसूफ'मध्ये तो मराठीतही हाताला लागतो.

'माळी' या शब्दाचंही पाहा. अध्याय १५ मध्ये ग्रीक शब्द जमीन कसणाऱ्याचा आहे, आणि अध्याय २० मध्ये मग्दालीया मरीया कबरेपाशी येशूला 'माळी' समजते, तिथे बागेची राखण करणाऱ्याचा, म्हणजे वेगळाच. मराठीत मात्र दोन्हीकडे 'माळी'च. पित्याला माळी म्हणणाऱ्या पुत्रालाच शेवटी कोणी माळी समजावं, हा योग मराठी वाचकाला जास्त ठळक दिसतो. मला तो फार आवडतो.

प्रतिसाद :
मी निफाडकडचा, घरची द्राक्षबाग आहे. ग्रीक मला येत नाही, पण 'छाटणी'बद्दल सांगतो, कारण आमच्याकडे ती एक नाही, दोन आहेत. एप्रिलमधली खरड छाटणी. त्यात ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या एकदोन डोळे (जिथून कोंब फुटतो ती जागा) ठेवून पार कापतात. बाग उघडीबोडकी दिसते, नवखा माणूस म्हणेल की मारून टाकली. मग नवी काडी येते आणि उन्हाळ्यात तिच्या डोळ्यात, बाहेरून काहीही न दिसता, घड तयार होतो. कोणत्या डोळ्यात घड आहे ते कळावं म्हणून आम्ही काड्या तपासायला पाठवतो. दुसरी ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. तिच्यानंतर जी फूट निघते तिच्यावर माल येतो.

ताई, मुलांना 'दुःखातून देव घडवतो' एवढंच सांगू नका. खरड छाटणीनंतर लगेच फळ नसतं, सहा महिने नुसती काडीच असते. हे सांगितलं नाही तर एखादं पोर प्रार्थना करून आठवड्याभरात फळ शोधत बसेल.

आणि 'फाटा' आमच्याकडे कोणी म्हणत नाही, 'काडी' म्हणतात. फाटा म्हटलं की आम्हाला रस्त्याचा आठवतो.

प्रश्नकर्ती :
दादा, खरड आणि गोडी हे दोन शब्द मला ठाऊकच नव्हते! मग 'साफसूफ' कोणत्या छाटणीला लागेल?

प्रतिसाद :
दोन्हींना नाही. या दोन्हींनंतर आम्ही बगलफूट (काडीच्या बगलेत येणारे जादा कोंब) काढतो, जादा पानं काढतो, आणि गोडी छाटणीनंतर माल आला की घड विरळतो. हे काम कात्रीपेक्षा बोटांनीच जास्त होतं, वेलीपाशी उभं राहून, रोज थोडं थोडं. माझी आई त्याला 'बाग साफ करणं'च म्हणायची. तुमच्या बायबलचा शब्द मला या कामाला चपखल वाटतो.

प्रतिसाद (ग्रीकवाला) :
हे फार मोलाचं सांगितलंत, मला शब्दकोशातून कधीच कळलं नसतं. एक जोडतो. मराठीत 'फळ मिळालं' म्हणजे बहुधा आपल्याच केल्याचा मोबदला, बरा किंवा वाईट. योहानातली क्रिया मात्र फळ 'देण्याची' आहे. वेल स्वतःची द्राक्षं खात नाही. शिकवताना 'फळ मिळेल' असं वाक्य येऊ देऊ नका, अर्थ लगेच फिरतो.

प्रश्नकर्ती :
नक्की. 'फाटा' पाठातला म्हणून राहू देते, शेजारी 'काडी' लिहीन. दादा, एक वाळकी काडी मिळेल का? डोळे मुलांनी स्वतः मोजावेत असं वाटतं.

प्रतिसाद :
एक कशाला, पेंडी बांधून देतो. पण वाळकीतले डोळे सुकलेले असतात, दोनचार हिरव्याही घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळल्या की रविवारपर्यंत टिकतील.