दोघींचा डेकोरेशनचा व्यवसाय, न्यू जर्सीत एलएलसी काढायची आहे. सल्ला हवा

अंगणवेल
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण न्यू जर्सीत बारसं, मुंज, डोहाळजेवण अशा कार्यक्रमांचं डेकोरेशन करतो. आधी ओळखीतल्यांसाठी हौसेने करायचो, आता अनोळखी लोकही विचारतात. परवा एका हॉलवाल्यांनी कंपनीचं नाव आणि इन्शुरन्सचा कागद मागितला. माझं ग्रीन कार्ड आहे, मैत्रीण एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे आणि तिच्याकडे ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना आहे. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायचं जवळपास ठरलंय, पण जो तो डेलावेअरचं नाव घेतो, ते का? वकील लागेल का? मैत्रिणीचा नवरा एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, तो शनिवार-रविवारी सामान उतरवायला येतो, ते चालतं का? मुख्य भीती एकच: उद्या आठ फुटी बॅकड्रॉप कुणाच्या अंगावर पडला तर राहत्या घरावर येईल का?

पाचवा मैल
डेलावेअर नको. तिथे एलएलसीला दर वर्षी ३०० डॉलर टॅक्स आहे, धंदा होवो न होवो. शिवाय तुमचं काम न्यू जर्सीत, म्हणजे इथे परराज्यातली कंपनी म्हणून वेगळी नोंदणी, वेगळी फी आणि दोन्हीकडे रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या नावाचे सरकारी कागद घेणारा). बाहेरचे गुंतवणूकदार आणणाऱ्या कंपन्यांना डेलावेअर सोयीचं, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. न्यू जर्सीत नोंदणी १२५ डॉलर, पुढे दर वर्षी अ‍ॅन्युअल रिपोर्टचे ७५. राज्याच्या साइटवर आपलं आपल्याला सहज करता येतं.

रुपेरी कडा
अंगणवेल, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कुठेही नोंदणी नसली तरी दोघी मिळून नफ्यासाठी काम करताय, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही आजच भागीदार आहात. यात मैत्रिणीने एखादी ऑर्डर घेऊन पार पाडली नाही, तर त्याची भरपाई तुमच्या खिशातूनही मागता येते. त्यामुळे "काढावीच का" हा प्रश्न माझ्या मते उरत नाही.

पण एलएलसीकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. कंपनीचं देणं कंपनीपुरतं राहतं, एवढं ती करते. बॅकड्रॉप तुम्ही स्वतः सैल बांधला आणि तो कुणावर पडला, तर त्या निष्काळजीपणासाठी तुमच्यावर व्यक्ती म्हणून दावा होऊ शकतो, एलएलसी असो वा नसो. बँकेने कर्जासाठी पर्सनल गॅरंटी (स्वतः फेडण्याची हमी) घेतली तर तिथेही आडोसा संपला. म्हणून तुमच्या मुख्य भीतीवरचं उत्तर आहे जनरल लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीचा विमा. हॉलवाले मागतात तो कागदही त्याच पॉलिसीतून मिळतो, बहुतेक वेळा त्यावर हॉलचं नाव 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड' (विम्यात सामील केलेला) म्हणून घालून द्यावं लागतं. एजंटला काय काम करता ते नीट सांगा: शिडीवर चढता का, दिवे लावता का, खऱ्या ज्योती असतात का. काय वगळलंय ते पॉलिसीत वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरं म्हणजे बँकेचं खातं वेगळं. कंपनीच्या कार्डावर घरचा किराणा आणि घरच्या कार्डावर कंपनीची फुलं असं चालू राहिलं, तर कोर्ट कंपनीचा पडदा बाजूला सारून थेट तुमच्यापर्यंत येऊ शकतं. करारावर सही करतानाही कंपनीचं नाव लिहून त्याखाली 'मेंबर' (एलएलसीचा मालक) म्हणून सही करा.

अंगणवेल
रुपेरी कडा, हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आणि वकिलाचं?

धान्याचं कोठार
नोंदणीला वकील लागत नाही. वकिलाचे पैसे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे मालकांमधल्या आपसातल्या करारावर खर्च करा. दोन मैत्रिणींच्या धंद्यात सगळ्यात मोलाचा कागद हाच आहे आणि नेमका तोच लोक इंटरनेटवरून उतरवून घेतात.

लेखी काही ठरलं नसेल तर राज्याचा कायदा ठरवतो, आणि तो वाटप समसमान धरतो. एकीने सामानात सगळे पैसे घातले, दुसरीने फक्त वेळ दिला, तरी अर्धं-अर्धं. हे तुम्हाला मान्य असेलही, पण ते ठरवून मान्य असू दे. दोघींचं मत जुळलं नाही तर निर्णय कुणाचा? एकीला बाहेर पडायचं असेल तर स्टँड, कापडं, ग्राहकांची यादी कुणाची आणि किंमत कशी काढायची? तुमच्या बाबतीत अजून एक कलम हवंच: मैत्रिणीचं ईएडी संपलं आणि नवं यायला उशीर झाला, तर त्या काळात ती मालक राहू शकते, पण काम करू शकत नाही. मग तेव्हा पैशांचं काय? हे आज, संबंध गोड असताना लिहा. संशय म्हणून नाही, मैत्री टिकावी म्हणून.

नवऱ्याबद्दल: एच-१बी वर असताना गुंतवणूक म्हणून मालकी चालते, पण धंद्यासाठी काम नाही. पगार घेत नाही म्हणून चालतं असं समजू नका. त्यांना थांबायला सांगा आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा. मला वाटतं, सगळ्या धाग्यातली हीच गोष्ट सगळ्यात तातडीची आहे.

पाचवा मैल
क्रम लिहून ठेवतो. आधी राज्यात नोंदणी, मग आयआरएसच्या (केंद्राचं टॅक्स खातं) साइटवरून ईआयएन, म्हणजे कंपनीचा टॅक्स नंबर, मग बँक. ईआयएन फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट टाळा. न्यू जर्सीत टॅक्ससाठी वेगळी बिझनेस नोंदणीही ६० दिवसांत करायची असते. तेव्हाच सेल्स टॅक्सचं विचारून घ्या, कारण तुम्ही सामान भाड्यानेही देत असणार.

नोंदणी झाली की घरी सरकारी वाटणारी पत्रं येतील: सर्टिफिकेट घ्या, पोस्टर घ्या, अमुक डॉलर पाठवा. बरीचशी खासगी कंपन्यांची असतात. राज्याच्या साइटवर खात्री केल्याशिवाय चेक फाडू नका.

शेवंती_एडिसन
टॅक्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. दोन मेंबर असले की आयआरएस एलएलसीला पार्टनरशिप धरते. रिटर्नचा फॉर्म १०६५, मुदत १५ मार्च, त्यातून दोघींना के-१, म्हणजे आपापल्या वाट्याचा कागद. उशीर झाला तर दंड दर महिन्याला आणि दर भागीदारामागे लागतो. नफ्यावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा) येतो, नेहमीचा इन्कम टॅक्स वेगळा, आणि दोन्ही वर्षातून चार हप्त्यांत आगाऊ भरावे लागतात. कुणी एस-कॉर्प (कंपनीवर टॅक्स लावण्याचा दुसरा प्रकार) करा म्हणेल. त्यात स्वतःला पगार, पेरोल, वेगळं रिटर्न असा खर्च वाढतो, नफा नीट स्थिरावल्यावर सीपीएला (परवानाधारक हिशेबनीसाला) विचारा. मैत्रीण टॅक्ससाठी रेसिडेंट आहे ना, तेही तेव्हा पाहावं लागेल, नॉन-रेसिडेंट व्यक्ती एस-कॉर्पमध्ये चालत नाही.

अंगणवेल
मैत्रिणीला धागा वाचून दाखवला. तिच्या नवऱ्याला आजच थांबवलंय, सामानासाठी माणूस बघतोय. त्यावरून पुढचा प्रश्न: तो माणूस फक्त कार्यक्रमाच्या दिवशी येणार, आम्ही सांगू तेव्हा आणि सांगू तसं काम करणार. त्याला १०९९ वर, म्हणजे कामगार न धरता कंत्राटदार म्हणून ठेवता येतं का?

धान्याचं कोठार
वेळ तुमची, पद्धत तुमची, सामान तुमचं, म्हणजे तो कामगारच ठरण्याची शक्यता जास्त. न्यू जर्सीचे निकष यात कडक आहेत, कंत्राटदार आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. कामगार ठेवला तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन इन्शुरन्सही (कामावर इजा झाली तर भरपाईचा) लागतो, एकच माणूस असला तरी. त्यापेक्षा सुरुवातीला स्वतःचा इन्शुरन्स असलेल्या एखाद्या मूव्हिंग कंपनीकडून तासावर माणसं घ्या आणि तो खर्च सरळ ग्राहकाच्या कोटेशनमध्ये धरा.