टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, म्हणून शुगर वाढतेय का? मदत हवी आहे

वाडातरकर: टेस्टोस्टेरॉन २४०, उपाशीपोटी शुगर ११८. टेस्टोस्टेरॉन कमी असलं की इन्सुलिन नीट काम करत नाही असं वाचलं. मग इंजेक्शन घेतलं की शुगरपण उतरेल ना? कणकवलीत कोण देतं? लवकर सांगा, मोहोराची फवारणी सुरू आहे, सारखं निघता येत नाही.

माडवाला: वय? वजन? रक्त किती वाजता दिलं?

गुहागरचा_नाना: भात बंद, नाचणीची भाकरी सुरू. माझी शुगर तीन महिन्यांत उतरली.

माडवाला: नाना, ते हार्मोनचं विचारतायत.

गुहागरचा_नाना: सगळं पोटातूनच येतं हो.

वाडातरकर: ४३, ९१ किलो. शुगरचं सकाळी दिलं. दुसरं राहिलं म्हणून जेवून दीड वाजता गेलो. लॅबवाला चालतं म्हणाला.

आचऱ्याचो: बांगड्याचा तिखला खावन रगत दिलंस? मेल्या!

माडवाला: तो आकडा धरू नका. सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी. कमी आलं तर आणखी एका सकाळी. सोबत एसएचबीजी करा, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन. पोट सुटलं, इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं की हे प्रथिन घटतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, फ्री, म्हणजे न बांधलेलं मोकळं, ठीक असलं तरी. बरं, हे दोन्हीकडून चालतं. टेस्टोस्टेरॉन घटलं की पोटावर चरबी चढते, चरबी वाढली की ते आणखी घटतं. वजन उतरलं की बऱ्याचदा आपोआप वर येतं. घोरता का? झोपेत श्वास अडकत असेल तर तेही तपासा.

चिपळूण_एक्सप्रेस: इंजेक्शनने फायदा होतो! ऑस्ट्रेलियातला टी४डीएम नावाचा अभ्यास, २०२१. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांत मधुमेह १२ टक्के, औषध नसलेलं नकली इंजेक्शन घेतलेल्यांत २१.

माडवाला: पुढचंही लिहा की. वय ५० ते ७४, आहार-व्यायाम दोन्ही गटांना. आणि इंजेक्शनवाल्यांत साधारण पाचातल्या एकाचं रक्त दाट झालं, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५४ टक्के किंवा वर.

चिपळूण_एक्सप्रेस: मग अश्वगंधा घ्या.

आचऱ्याचो: हेका दुकान काढून देवा कोणीतरी.

माडवाला: मूल हवंय का अजून? बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं थंडावतं, कधी शून्यावर येतं.

वाडातरकर: दुसऱ्याचा विचार चालू आहे. हे आधी का नाही सांगितलंत?

माडवाला: तुम्ही आधी वय तरी कुठे सांगितलं होतंत?

गुहागरचा_नाना: यंदा मोहोर कसा आहे? पेटी काय भावाने जाईल?

वाडातरकर: थंडी पडली तर सांगतो. सोमवारी सकाळी उपाशी जातोय. घोरण्याचं बायकोला विचारलं, ती नुसती हसतेय.