सस्केचवानच्या खेड्यातले शेतकऱ्याचे पोट्टे पहिल्या महायुद्धात कसे काय गेले?

दारव्हा_वाला:
नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ तिकडे कॅनडात सस्केचवानमध्ये ट्रक चालवतो, त्यानं परवा व्हॉट्सॲपवर एका खेड्यातल्या दगडी स्मारकाचा फोटो टाकला. गाव म्हणजे काय तं धान्याचं एक उंच गोडाऊन, एक चर्च अन चार घरं, बस. पण त्या दगडावर १९१४-१९१८ च्या खाली नावंच नावं, एकाच आडनावाचे तं तिघं. मले प्रश्न हा पडला का गहू पेरणारे लोकं युरोपातल्या भांडणात कायले गेले असतील? जबरदस्ती होती का? अन पोरगा फौजेत, बाप म्हातारा, तं पेरणी कोण करत होतं? वापस आलेल्यांले सरकारनं जमीन दिली म्हणतात, ते खरं का? सोयाबीन सोंगून झालं, थोडा टाइम आहे म्हणून विचारून राह्यलो. लिंक फेकून पळू नका, जरा समजावून सांगा.

मास्तर_वणी:
आधी दोन टप्पे वेगळे करा भाऊ. १९१७ पर्यंत जबरदस्ती नव्हती, खुशीची भरती. अन खेड्यातून भरती शहरापेक्षा कमीच होती, पहिल्या तुकडीतले बहुतेक तर ब्रिटनमध्ये जन्मून कॅनडात आलेले. शेतकऱ्याच्या पोराला घरचंच काम सरत नव्हतं, वर १९१५ ला प्रेअरीत, म्हणजे सस्केचवानसकट तिकडच्या सपाट गवताळ पट्ट्यात, छप्परफाड गहू झाला. पण त्याच्या आदल्या वर्षी दक्षिणेकडं दुष्काळ होता, आणि साध्या शिपायाला रोजचे १ डॉलर १० सेंट मिळत, बायको-लेकरं असली तर घरी महिन्याला २० डॉलर वेगळे. ज्याचं पीक बुडालं त्याला हे दिसणारच ना.

मग ऑगस्ट १९१७ ला सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. शेतकरी बिथरले, अन डिसेंबरात निवडणूक. आता सरकारनं काय करावं? मतदानाच्या तोंडावर जाहीर केलं की शेतीला लागणाऱ्या पोरांना सूट. मतं पडली, सरकार आलं. मार्च १९१८ ला जर्मनांनी मोठा हल्ला चढवला आणि एप्रिलात सूट रद्द, २० ते २२ वयाचे सगळे चला. ऐन पेरणीत! मे महिन्यात हजारो शेतकरी राजधानी ओटावात जाऊन धडकले, पंतप्रधान बोर्डननं ऐकून घेतलं अन जमणार नाही म्हणून वाटेला लावलं. तो राग शेतकऱ्यांनी विसरला नाही, १९१९ ला ऑन्टारिओ प्रांतात त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि १९२१ ला अल्बर्टातही.

पेरणी कोणी केली म्हणाल तर बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि शाळकरी पोरांनी. १५ ते १९ वयाच्या मुलांना 'सोल्जर्स ऑफ द सॉइल' असं नाव देऊन १९१८ ला शेतावर पाठवलं, छातीवर लावायला बिल्लासुद्धा दिला.

फौजी_बुलडाणा:
जय हिंद. मास्तरांनी राजकारण सांगितलं, मी फौजीचं सांगतो. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं पहिल्या महायुद्धातल्या सहा लाखांवर फाइली स्कॅन करून फुकट ठेवल्यात. भरतीचा फॉर्म उघडून बघा. नाव, जवळचा नातेवाईक, धंदा 'फार्मर', पुढं उंची, छाती फुगवल्यावर किती इंच, डोळ्यांचा रंग, अंगावरची खूण. आमच्या भरतीत पण टेप घेऊन हेच चाललं होतं, छाती काही फुगता फुगत नव्हती माझी 😄 कितीतरी फाइलींत पगारातले किती डॉलर दर महिन्याला आईच्या नावावर गेले ते पण लिहिलेलं सापडते.

अन एक गोष्ट कोणी सांगत नाही. एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला, फ्रेंचांची फळी फुटली, बाजूला कॅनडावाले होते ते टिकून राहिले. मास्क नव्हते, रुमाल लघवीत भिजवून नाकाला लावले. चारच दिवसांनी आपली, म्हणजे इंग्रजांच्या हिंदी फौजेची, लाहोर डिव्हिजन त्याच मैदानात हल्ल्याला उतरली. पंजाबचे शेतकरी अन कॅनडाचे शेतकरी, एकच चिखल.

कर्जमाफी_कधी:
ते सगळं ठीक आहे बापा, जमिनीचं बोला. फुकट भेटली का सातबारा कोरा होता?

मास्तर_वणी:
कोरा कुठला राजा. सोल्जर सेटलमेंटची योजना होती. काहींना सरकारी पडीत जमिनीतले १६० एकर फुकट मिळाले, पण बाकी सगळं कर्जावर. जमिनीला ४,५०० डॉलरपर्यंत, बैल-घोडे-अवजारांना २,०००, बांधकामाला १,०००, व्याज ५ टक्के, जमिनीची फेड २५ वर्षांत. घेतलं तेव्हा सगळं महाग होतं, कारण गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, २ डॉलरच्या वर होता. १९२० नंतर भाव असा कोसळला की तीन वर्षांत १ डॉलरच्या खाली. हप्ता मात्र तोच. कितीतरी जण जमीन सोडून शहरात निघून गेले.

कर्जमाफी_कधी:
म्हणजे भाव पाहून कर्ज काढलं अन भाव पडल्यावर फेडलं. आमच्या पांढरकवड्यात याले इतिहास नाही म्हणत, गेल्या सालची गोष्ट म्हणते.

मेळघाटची_ताई:
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. ही जमीन काही आभाळातून पडली नव्हती. प्रेअरीतल्या आदिवासींच्या राखीव जमिनीतून ८० हजार एकरांच्या वर जमीन फौजींना द्यायला काढून घेतली, आणि जे आदिवासी स्वतः लढून आले त्यांच्यातल्या फार थोड्यांना योजनेचा फायदा मिळाला. ऑन्टारिओचा फ्रान्सिस पेगामागाबो बघा, ओजिब्वे समाजाचा स्नायपर, १९१४ लाच भरती झाला, मिलिटरी मेडल तीनदा मिळालं. घरी आल्यावर सरकारी एजंटाशी भांडण्यात आयुष्य गेलं, कारण साध्या साध्या गोष्टीला त्या एजंटाची परवानगी लागायची. मतदानाचा हक्क पण धड नाही.

आणि आपल्याकडचा एक, बकम सिंग. पंजाबातून लहानपणी कॅनडात गेला, ऑन्टारिओत शेतावर कामाला होता, १९१५ ला भरती. दोनदा जखमी झाला, टीबी झाला, १९१९ ला किचनर शहरात वारला. लग्न झालेलं होतं पण तिकडच्या कायद्यानं बायकोला आणता आलं नाही. त्या स्मारकावरच्या पोरांच्या आया निदान त्याच गावात होत्या हो.

दारव्हा_वाला:
ताई, हे तं मले माहीतच नव्हतं. मास्तर, फौजी काका, सगळ्यांले धन्यवाद. त्या तिघांची फाइल काढून पाहावं म्हणतो, आडनाव एकच आहे तं भाऊ असतील का चुलत, ते कसं कळल?

फौजी_बुलडाणा:
जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात बापाचं किंवा आईचं नाव अन पत्ता बघ, तिघांचा एकच निघाला तर सख्खे. आडनावाच्या स्पेलिंगवर जाऊ नको, भरतीचा क्लार्क ऐकू आलं तसं लिहायचा. अन फाइल मोबाईलवर उघडू नको, पानं लय आहेत, डेटा संपून जाईल.