विखुरणं रोमनांच्याही आधीचं

ज्यूंच्या विखुरण्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथून ज्यू विखुरले. पण त्याआधीचं एक मंदिर यात राहूनच जातं! ज्यूंचा प्राचीन राजा शलमोन याने बांधलेलं ते पहिलं मंदिर बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जाळलं आणि लोकांना बंदी करून नेलं. पुढे इराणचा राजा सायरस याने त्यांना परत जाऊ दिलं, तरी बरेच जण बाबिलोनमध्येच राहिले. म्हणजे विखुरणं तेव्हाच सुरू झालं होतं. मंदिर नाही, यज्ञबली नाहीत, तरी धर्म टिकवायचा कसा, हे ते तिथे शिकले. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

परंपरा मानते की दोन्ही मंदिरं एकाच तिथीला पडली, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला. त्या दिवशी कडक उपवास, पायात चामड्याचे जोडे नाहीत, आणि रात्री मंद उजेडात जमिनीवर बसून विलापगीतांचं वाचन. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, याच उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण तो मोड आलेल्या वालांच्या बिरड्याने सोडायचा. जेरुसलेमचं दुःख अलिबागकडच्या चुलीपर्यंत पोचलं होतं, हे वाचून मी खरंच हललो.