अनुभव धागा: हॉर्निमन सर्कलच्या बागेत ऐकलेलं गाणं

फोर्टातल्या या बागेत कायमचं स्टेज नाही, छप्पर नाही. खुर्च्याही कार्यक्रमापुरत्या येतात. तरी मुंबईत उघड्यावर गाणं ऐकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

ही मूळची बॉम्बे ग्रीन. टाऊन हॉलसमोरच्या (म्हणजे आताच्या एशियाटिक लायब्ररीसमोरच्या) या मोकळ्या जागेत कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि इथे नुसता कचरा साचू लागला. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी मधे बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती अशी कल्पना मांडली. १८७२ मध्ये एल्फिन्स्टन सर्कल पुरं झालं. संध्याकाळी तिथे बँड वाजे आणि तो ऐकायला पारशी मंडळी आवर्जून येत. स्वातंत्र्यानंतर बागेला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. इंग्रज असून इंग्रज सरकारनेच १९१९ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवलं होतं.

तुम्ही इथे काय ऐकलंत, ते लिहा.

* * *

माझी सगळी नोकरी बागेसमोरच्या एका बँकेत झाली. दुपारचा डबा बागेत, झाडाखाली. 'रूहानियत' हा सूफी आणि लोकसंगीताचा महोत्सव २००१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून थंडीत एखाद्या संध्याकाळी काउंटर बंद करता करता खिडकीतून सारंगी लावल्याचा आवाज यायचा. कार्यक्रमाआधीची ती जुळवाजुळव मला कार्यक्रमाइतकीच आवडायची. गाणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतोय, मधेच थांबून मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगतोय, आणि आम्ही इकडे दिवसाचा हिशोब जुळवतोय. सही करून मी थेट खाली उतरायचो. निवृत्तीनंतर बोरिवलीहून मुद्दाम येतो.

* * *

काका, तुम्ही आत असायचात तेव्हा मी कुंपणाबाहेर असायचो! कॉलेजात तिकिटाला पैसे नव्हते. एशियाटिकच्या बाजूच्या फुटपाथवर आम्ही चौघं उभे राहायचो. गायक दिसायचा नाही, झाडांवर पडलेला उजेड तेवढा दिसायचा. बाऊल, म्हणजे बंगालमधल्या फिरत्या साधू-गायकांची गाणी, मी आयुष्यात पहिल्यांदा तशी ऐकली. बंगाली एक शब्द कळत नव्हता, पण एकतारी आणि पायातल्या घुंगरांवरून गाणारा कधी गिरकी घेतोय ते ओळखू यायचं. शेजारी एक टॅक्सीवाले गाडी बंद करून ऐकत होते. पुढे तिकीट काढून आत बसलो, सगळं नीट दिसलं. पण बँडच्या काळी लोक जसे सहज येऊन ऐकत असतील, तसा एखादा विनातिकीट कार्यक्रम या बागेत दर महिन्याला व्हायला हवा असं मनापासून वाटतं.

* * *

मी आईला घेऊन गेले होते. ती आळंदीच्या वारीतली, माइकवरचं गाणं तिला फारसं रुचत नाही. माळव्याकडच्या मंडळींनी कबीराचं भजन धरलं आणि आई तंबोऱ्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली. तिच्या ओळखीची चाल नव्हती, ओळखीची भाषा नव्हती. "हे आपलंच आहे गं," एवढंच म्हणाली. दहाला संपलं आणि आम्ही चालत सीएसएमटी गाठून डोंबिवली पकडली.

* * *

दहाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी साउंडचं काम करतो, या बागेतही केलंय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणून साडेनऊपासून सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. इथे छप्पर नसल्यामुळे आवाज वर निघून जातो, पण भोवतीच्या दगडी इमारतींवर आदळलेला परत येतो. म्हणून पुढचे स्पीकर फार जोरात ठेवता येत नाहीत. लांबच्या रांगांसाठी वेगळे छोटे स्पीकर लावून त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडतो, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. अंधार पडला की हवेत दमटपणा वाढतो, तबल्याचं कातडं सैल पडून सूर उतरतो. तबलजी दोन गाण्यांच्या मधे हातोडी घेऊन बसलेला दिसला तर कंटाळू नका, त्याला वेळ द्या.

आणि पहिल्या रांगेसाठी धावू नका. मधल्या रांगांत, साउंडच्या टेबलाजवळ बसा. आम्ही आवाज तिथूनच ठरवत असतो.