मदत हवी आहे: यकृतातली हायडॅटिड सिस्ट, सोनोग्राफी एक सांगते आणि सीटी दुसरंच

मंडळी, पित्ताशयात खडे असावेत या संशयावरून आईची (वय 58) सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, पण यकृताच्या उजव्या भागात 7 सेंमीची सिस्ट निघाली. रिपोर्टमध्ये 'आत पडदे, हायडॅटिडची शक्यता' असं लिहिलं होतं, म्हणजे कुत्र्या-मेंढ्यांमध्ये फिरणाऱ्या फीतकृमीच्या अळीची पाण्यानं भरलेली गाठ. मग सीटी झाला. त्यात पडद्यांचा उल्लेखच नाही. 'एकसंध द्रव, भिंतीत थोडं कॅल्शियम' आणि खाली नेहमीचं 'क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी जुळवून पाहा. ते आता घरच्यांनी करायचं बहुतेक.

एक डॉक्टर म्हणतात, सुईनं पाणी काढून औषध सोडू (पेअर). दुसरे म्हणतात, कॅल्शियम आलंय म्हणजे किडा मेला, नुसतं लक्ष ठेवा. एलायझा (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) निगेटिव्ह आहे, त्यामुळे काका म्हणतात हा आजारच नाही. आईचं लहानपण मात्र मेंढ्या आणि कुत्र्यांमध्येच गेलंय.

पेअरची तारीख येत्या सोमवारची आहे. विश्वास कशावर ठेवायचा? एमआरआय करावा का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद 1
मी रेडिओलॉजिस्ट आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे फक्त डॉक्टरांना काय विचारायचं यासाठी.

या आजारात टप्पा ठरवायला सोनोग्राफी सीटीपेक्षा सरस असते. मोठ्या सिस्टच्या पोटात पिल्लू सिस्ट असतात, त्यांच्या भिंती फार पातळ. सोनोग्राफीत त्या मधाच्या पोळ्यासारख्या किंवा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात, सीटीत बऱ्याचदा नुसतं पाणी दिसतं. म्हणजे तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

आता सुईचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सिस्टच्या टप्प्यांना सीई (या आजाराच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) आणि आकडा देतात. सीई 1 म्हणजे एकच पोकळी, सीई 3ए म्हणजे आतलं आवरण सुटून तरंगणारी सिस्ट. पेअर या दोघांसाठी. आत पिल्लू सिस्ट असतील तर ती सीई 2, आणि घट्ट गाभ्यात पिल्लं असतील तर सीई 3बी. तिथे प्रत्येक पिल्लू स्वतंत्र बंद पिशवी असते. सुईनं बाहेरची मोठी पिशवी रिकामी होते, पिल्लं तशीच राहतात आणि आजार उलटतो. शिवाय द्रव पोटात सांडला तर तीव्र ॲलर्जीचा धोका असतो आणि नव्या सिस्ट रुजू शकतात. म्हणून टप्पा लेखी मिळेपर्यंत सोमवार पुढे ढकलता येईल का, ते विचारा.

कॅल्शियम कुठल्याही टप्प्यात दिसू शकतं. मेलेली म्हणावी अशी सीई 5 असते, तिची जाड कॅल्शियमची भिंत मागे गडद सावली टाकते. एलायझा निगेटिव्ह असली म्हणून आजार नाही असं होत नाही, सिस्ट शाबूत असली की रक्तात प्रतिपिंडं कमीच सापडतात.

एमआरआय जरूर करा. टी2 प्रतिमा (यात द्रव उठून दिसतो) आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) मागा. पिल्लं दिसतील, पित्तनलिकेशी जोड आहे का तेही कळायला मदत होईल. जोड असताना सिस्टमध्ये औषध सोडलं तर नलिकांना इजा होते. छातीचा एक्सरेही काढा, यकृतानंतर या सिस्ट सर्वात जास्त फुप्फुसात सापडतात.

प्रतिसाद 2
माझ्या सासऱ्यांची 4 सेंमीची होती, नुसत्या अल्बेंडाझोलवर (जंतांच्या गोळ्या) जमलं. उगाच एवढ्या तपासण्या कशाला?

प्रतिसाद 3 (पुन्हा रेडिओलॉजिस्ट)
त्यांची 5 सेंमीच्या आतली सीई 1 असणार, तिला गोळ्या पुरू शकतात. 7 सेंमीची, पडद्यांची सिस्ट वेगळी.

थोडं अवांतर: सिस्टचे प्रकार सोनोग्राफीवरून लावायची पद्धत रुळली ती 1981 मध्ये ट्युनिशियाच्या घारबींमुळे. तिथे हा आजार रोजचा. बल्गेरिया, रोमानिया आणि तुर्कस्तानच्या खेड्यांत तर 2014-15 मध्ये पोर्टेबल मशीन घेऊन सुमारे 24,700 लोक तपासले. जिथे असे रुग्ण रोज येतात तिथे टप्पा रिपोर्टमध्ये आपोआप येतो. इतरत्र 'सिस्टिक लीजन' लिहून हात झटकतात.

धागाकर्ता
अपडेट: आज दुसरीकडे सोनोग्राफी केली. त्या डॉक्टरांनी प्रोब फिरवत स्क्रीनवरच आऱ्या दाखवल्या. रिपोर्टवर 'सीई 2' लिहिलंय. सोमवार रद्द, एमआरआय गुरुवारी, मग सर्जन. सोनोग्राफीच्या क्लिप पेनड्राइव्हवर मागितल्या तर काउंटरवर म्हणाले, असं कुणी मागत नाही. बसून राहिलो, अर्ध्या तासानं दिल्या.